सीनेचा उतार

हस्त लागला की मी सायकलची दोन्ही मडगार्डं काढून ठेवतो. गरज काहीच नाही. घर ते शाळा आणि शाळा ते घर एवढाच आता माझा प्रवास, आणि त्या रस्त्यावर खडी टाकून रूळ फिरवलेला आहे. तरीही दुपार कलताना आभाळ काळवंडून आलं, गिरणीच्या धुराड्याचा धूर खाली दबला, की माझा हात पान्याकडे जातो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलचं दुकान आहे. तिथले चाचा माझी दरवर्षी हजेरी घेतात. "मास्टर, हर साल निकालते, हर साल बिठाते. किचड में तो जाते नै, फिर कायकू निकालते?" मी हसून वेळ मारून नेतो. खरं उत्तर द्यायचं तर त्यांना सीनेच्या काठापर्यंत न्यावं लागेल.

काळ्या मातीची गोष्ट ज्यानं सायकल खांद्यावर वाहिली आहे त्यालाच कळते. कोरडी असताना ती भेगाळून पडलेली असते, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. चार थेंब पडले की चाकाला चिकटते. एक फेरा, दुसरा फेरा, मग चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये ती अशी ठासून बसते की चाक फिरायचं नाव घेत नाही. मग स्वार खाली आणि वाहन वर. मुरमाचं तसं नाही. मुरूम पाणी पिऊन घेतो आणि तासाभरात पाऊल टाकण्याजोगा होतो. म्हणून त्या वेळी मी वाटा मातीवरून ओळखत असे. कोणती वाट कुठं जाते हे नंतर; आधी ती मुरमाची की काळीची.

अकरा वर्षांमागे मी वाटांचा शौकीन होतो. नवी नोकरी, जुनी सायकल आणि मोटारींचा मनस्वी तिटकारा, एवढं माझं भांडवल. सोलापूर-पुणे सडकेवर तेव्हा सर्व्हिस मोटारी धावू लागल्या होत्या. त्या भोंगा वाजवत यायच्या, बैल बुजवायच्या आणि गेल्यावर दहा मिनिटं माणसाला स्वतःचं नाकही दिसायचं नाही. मी तीन-चार मैल ती सडक कशीबशी सोसत असे आणि मग डाव्या हाताला गाडीवाटेला लागत असे. तिथून सीनेपर्यंत मोटारीला काही काम नव्हतं. मुरमाचा माळ, मधे पाणंदी, दोन्ही बाजूंना बाभळी, चाकोरीत साचलेलं पाणी आणि त्यात उतरलेलं आभाळ. टिटवी डोक्यावर ओरडत सोबत यायची. नवरात्राच्या सुमारास तरवड फुललेला असायचा, सगळा बांध पिवळा. कुणाच्या रानात पेरणीची पाभर चाललेली असे, आणि ओल्या मातीचा वास इतका दाट यायचा की तो खाता येईल असं वाटे.

माझ्या खिशात एक वही असायची. तिच्यात मी वाटा लिहून ठेवत असे. 'मुरूम, दोन मैल. पुढे काळी, अर्धा मैल, सायकल खांद्यावर. ओढ्याच्या अलीकडे काटे फार.' असला तो मजकूर. मास्तर माणूस, जे दिसेल त्याचा धडा करायची खोड.

आणि त्या सगळ्या वाटांच्या शेवटी आक्का होती.

आक्का माझी थोरली बहीण. आम्ही मैंदर्गीकडचे; आमच्याकडे विहिरी आहेत, नदी नाही. आक्काला दिली ती मोहोळ तालुक्यात, सीनेच्या पलीकडल्या काठाच्या गावी. दाजी शेतकरी, त्यांचे थोरले भाऊ तात्या, आणि आक्काची एकुलती शांता, एवढं ते घर. मी रविवारी पोचायचो तेव्हा आक्का उंबऱ्यातच उभी असायची. माझ्या गुडघ्यापर्यंतच्या चिखलाकडे आणि खांद्यावरच्या सायकलीकडे आळीपाळीनं बघून म्हणायची, "नाना, गाढवानं तुला आणलं, का तू गाढवाला?" मग कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर दह्याची कवडी. मी जेवत असेपर्यंत ती मैंदर्गीच्या एकेका माणसाची चौकशी करत असे, आणि ज्याची चौकशी करायची ते माणूस संपलं की तिथल्या म्हशींची.

एकदा निघताना ती म्हणाली, "उतार वर सरकलाय. जाताना चिंचंपासनं जा."

मी म्हटलं, "इथं चढ नाही, तर उतार कुठून येणार?"

आक्का पदर तोंडाला लावून हसली. "आरं येड्या, नदीचा उतार. मैंदर्गीचा तू, तुला काय ठावं? पाण्यातनं जाताना जिथं पाय टेकतो, त्यो उतार. पाणी वाढलं की त्यो बी जागा बदलतो."

म्हणजे तो शब्द मला माहीत होता. हे मी मुद्दाम इथं लिहून ठेवतो. पुढं जे घडलं ते सांगताना मला स्वतःला पळवाट ठेवायची नाही.

त्या वर्षी हस्त दणकून बरसला. घट बसून दोन-तीन दिवस झाले असतील. सोलापूरच्या बाजाराला आलेला आक्काच्या गावचा एक गाडीवान सकाळी दारात येऊन उभा राहिला. तो आदल्या दिवशी मोहोळावरून पुलानं आला होता. म्हणाला, "मास्तर, वैनींस्नी ताप हाय. चार दिस झालं. तात्यांनी सांगितलंय, कोयनेल घिऊन या." मी पोस्टात जाऊन क्विनाईनच्या पुड्या घेतल्या, दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून एक बाटली भरून आणली, दोन्ही पंचात गुंडाळून पोटाशी बांधलं आणि निघालो. मडगार्डं काढून ठेवलेली होतीच. पुलावरून जायचं तर मोटारीची वाट बघायची, पुढं मोहोळातून बैलगाडी शोधायची. सगळा दिवस गेला असता. माझ्या वाटेनं मी तीन तासांत काठावर पोचलो.

सीना मी तशी कधी पाहिली नव्हती. उन्हाळ्यात जिच्यात म्हशीसुद्धा धड बुडत नाहीत, ती या काठापासून त्या काठापर्यंत तांबडी होऊन चालली होती. बाभळीची अख्खी झाडं वाहत होती. माझी नेहमीची वाट पाण्यात शिरत होती आणि तिथंच संपत होती. मला पोहता येत नाही. विहिरीच्या गावचा मी. विहिरीत एकदा बुडता बुडता वाचलो, तेव्हापासून खोल पाण्यात मी पाय घातलेला नाही.

पलीकडल्या काठावर तात्या उभे होते. मुंडाशावरून ओळखू आले. माझीच वाट बघत असावेत. वारा तिकडून इकडे वाहत होता. मी तोंडाशी हात धरून जीव खाऊन ओरडलो, "आक्का कशी आहे? कसं आहे?"

तात्यांनी कानाला हात लावला. मी पुन्हा ओरडलो, "कसं आहे?"

आता मला कळतं. वाऱ्यानं माझी आक्का गिळली आणि त्यांच्यापर्यंत फक्त 'कसं आहे' गेलं असेल. भरल्या नदीच्या काठाला सायकल घेऊन उभा असलेला माणूस 'कसं आहे' विचारतो तेव्हा तो पाण्याचंच विचारतो, यात शंका घ्यायला जागा नाही. तात्यांनी उजवा हात उंच केला आणि उत्तर दिलं. ते वाऱ्याबरोबर स्पष्ट माझ्यापर्यंत आलं.

"उतार हाय."

त्यापुढं ते आणखी काही बोलले. ते पाण्याच्या आवाजात गेलं. मला ते ऐकायची गरजही वाटली नाही. उतार आहे. तापाला उतार आहे. आमच्या मैंदर्गीच्या प्रत्येक पत्रात हेच असतं, 'प्रकृतीस उतार आहे, काळजी नसावी.' वर गेलेला हात मला देवाकडे केलेला वाटला. देवानं केलं, असं ते सांगताहेत असं मी समजलो. ते दाखवत होते नदीचं वरचं अंग, चिंचेकडचं.

मीही हात वर केला. सायकल वळवली.

परतीचा तो प्रवास माझ्या आयुष्यातला सगळ्यांत सुखाचा होता, हे सांगताना आजही मान खाली जाते. छातीवरचा धोंडा उतरलेला. वारा पाठीला. ऊन पडलं होतं आणि मुरूम धुऊन निघाल्यामुळं चाकाखाली सळसळत होता. एका बांधावरच्या झाडाची सीताफळं मी विचारून घेतली आणि तिथंच बसून खाल्ली. बिया दूर थुंकायची शर्यत मी एकट्यानंच लावली. तरवडाचा तुरा हँडलला खोचला. औषध पोटाशी तसंच बांधलेलं होतं. उद्या पाणी ओसरलं की नेऊ, असा विचार केला. घरी आल्यावर वही काढून लिहिलं, 'सीनेचा काठ. मुरूम. परतीला वारा पाठीशी. आजवरच्या सगळ्या वाटांत सुरेख वाट.'

त्याच वेळी तात्या चिंचेपाशी उभे होते. दिवस कलेपर्यंत ते तिथं थांबले. मग ते स्वतः उतारानं अलीकडे आले, खालच्या अंगाला मी थांबलो होतो तिथपर्यंत चालत गेले, आणि परत गेले. आक्का दिवस मावळताना गेली.

निरोप मला दुसऱ्या दिवशी मिळाला. कंपाउंडर म्हणाला, "मास्तर, मनाला लावून घेऊ नका. एका दिवसानं काही फरक पडला नसता." कंपाउंडर फार चांगला माणूस होता. दहाव्याला मी मोटारीनं मोहोळला आणि तिथून बैलगाडीनं गेलो. दाजी म्हणाले, "पाणीच लई व्हतं, तुमी तरी काय करणार?" सगळे तेच म्हणाले, आणि मी कुणालाच दुरुस्त केलं नाही. फक्त तात्यांनी मला परड्यात गाठलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दिस कलेपत्तर चिंचंपाशी थांबलो. मग अलीकडं येऊन चाकाची खूण बगितली म्या. वळलेली." एवढंच. पुढं ते कधी एक अक्षर बोलले नाहीत, माझ्याशी नाही आणि माझ्या माहितीत दुसऱ्या कुणाशीही नाही. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते.

मी चुकलो हे उघड आहे. पण कसा चुकलो हे मला अजून ठरवता आलेलं नाही. शब्दाचे दोन अर्थ होते आणि दोन्ही मला माहीत होते. मग एकच अर्थ का आठवला? आक्का बरी व्हावी असं मनापासून वाटत होतं म्हणून? की दुसरा अर्थ आठवला असता तर त्या तांबड्या पाण्यात पाय घालावा लागला असता म्हणून? शाळेत मी मुलांना सांगतो, शब्द कळला नाही तर पुन्हा विचारा, विचारायला पैसे पडत नाहीत. मी स्वतः मात्र एक शब्द पुन्हा विचारला नाही. पाण्याची भीती होती म्हणून कान बहिरे झाले असतील, तर ती चूक नव्हे. तिला दुसरं नाव आहे, आणि ते मी अकरा वर्षं तोंडातून काढलेलं नाही.

त्यानंतर मी वाटा सोडल्या. वही ट्रंकेच्या तळाशी गेली. सीना ओलांडायची वेळ आली तर पुलावरून, मोटारीत बसून, धूळ खात.

गेल्या वर्षीपासून शांता माझ्याकडे शिकायला आहे. सोळा वर्षांची झाली. दाजींनी भावकीचं न ऐकता तिला सोलापूरला धाडलं. चेहरा आक्काचा आणि जीभही तिचीच. शहरात येऊन 'आहे' बोलायला शिकली, पण घाईत असली की 'हाय' बाहेर पडतं. तिच्या तोंडात एक वाक्य नेहमीचं आहे. दूधवाला उशिरा आला, मामी देवळातून परतली नाही, की ही म्हणणार, "येतील की. असतील उतारावर." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला चहा मी तसाच खाली ठेवला. मग मी मनाची समजूत घातली, नदीकाठची माणसं, त्यांची बोलायची रीतच तशी असेल.

उन्हाळ्यात तिनं सायकल शिकायचा हट्ट धरला. गल्लीतले लोक माडीवरून बघत, आणि ही पदर खोचून शाळेच्या मैदानात फेऱ्या घालत असे. आणि या नवरात्राच्या सुट्टीआधी तिनं ट्रंकेतून वही शोधून काढली.

"मामा, हे तुमचं अक्षर ना? आमच्या गावापर्यंत वाट हाय ह्यात." तिनं शेवटचं पान माझ्यासमोर धरलं. "सगळ्या वाटांत सुरेख वाट. आपण हिनंच जाऊ दसऱ्याला."

मी पुष्कळ सबबी सांगितल्या. काटे आहेत, काळी आहे, मुलीच्या जातीला झेपणार नाही. शेवटची सबब माझ्या अंगाशी आली. मग तिनं चाचांकडून भाड्याची सायकल आणली आणि बाजाराला आलेल्या गाडीवानाबरोबर तात्यांना निरोपही धाडला.

आम्ही सकाळी निघालो. वाट बदललेली नव्हती. तेच मला सहन होत नव्हतं. माणसं जातात, तर वाटेनं निदान वळण तरी बदलावं. तरवड फुलला होता. टिटवी ओरडत होती. शांता पुढं होती, आणि मुरूम लागला की मागं वळून सांगत होती, "मुरूम, दोन मैल. बरोबर लिहिलंय तुम्ही." काळी लागली तेव्हा आम्ही दोघांनी सायकली खांद्यावर घेतल्या. प्रत्येक वळणाला मी ठरवत होतो, आता सांगायचं. प्रत्येक वळणाला वाटत होतं, पुढच्या बाभळीपाशी.

मग नदी आली. अकरा वर्षांपूर्वीइतकी नाही, पण भरलेली, तांबडी. पलीकडे तात्या उभे होते. आता पाठीत वाकलेले, हातात काठी. आम्हाला बघून त्यांनी काठी उंच केली आणि ओरडले.

"उतार हाय."

मी काठावर बसलो, सायकल आडवी पडली, आणि मी शांताला सगळं सांगितलं. आक्काचा ताप, औषध, तात्यांचा शब्द, सीताफळं, वहीतली ती ओळ. पाण्याची भीतीही सांगितली. मी म्हटलं, "ऐकू आलं नाही असं नाही, पोरी. मला ऐकायचंच नव्हतं की काय, हे मला माहीत नाही."

तिनं ऐकून घेतलं. हातातल्या बाभळीच्या काडीनं ती चाकातली माती खरवडत राहिली. बोलली तेव्हा शहरात शिकलेलं 'आहे' मागं पडलं होतं.

"मी आईच्या पायापाशी बसले व्हते. ती दाराकडं बघायची आणि म्हणायची, नाना आला का? तात्या बाहेरनं आले. कपडे भिजलेले. आईनं त्यास्नी बी तेच विचारलं. तात्या म्हणाले, उतारावर हाय. पाण्यात पाय घातलाय त्यानं, आलाच." ती थांबली. "आई म्हणाली, बरं. आणि कुशीवर वळली."

माझी वळलेली खूण बघून तात्या घरी गेले होते, आणि हे बोलले होते.

"तवापासनं आमच्या घरात कुणाला उशीर झाला की तसंच म्हणत्यात," शांता म्हणाली. "मला वाटायचं, तुमी खरंच हितं व्हता. पाण्यानं येऊ दिलं न्हाय." तिनं काडी मोडून पाण्यात टाकली आणि ती वाहत गेलेली बघत राहिली. तिनं मला क्षमा केली असं मी म्हणणार नाही. मी मागितलीही नाही. ती उठली, पदर खोचला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "उठा, मामा. तात्यांनी आईला खोटं सांगितलंय. ते आता खरं करा."

पलीकडे तात्या अजून उभे होते. आम्ही परत फिरतो की काय, हे बघत असावेत. मी उठलो. तोंडाशी हात धरले आणि अकरा वर्षांपूर्वी जे विचारायचं होतं ते विचारलं.

"कुठं?"

काठी पुन्हा वर झाली. "वरच्या अंगाला. चिंचंपाशी. या की."

ते त्यांच्या काठानं वर चालू लागले, आम्ही आमच्या. चिंच अजून होती. शांतानं सायकल खांद्यावर घेतली आणि सरळ पाण्यात शिरली. बघता बघता कमरेपर्यंत गेली. मीही सायकल उचलली. काठाशी दोनदा थबकलो, आणि ते तात्यांना दिसलं असणार. पाणी गार होतं आणि जोरात ओढत होतं. खाली काय आहे ते दिसत नव्हतं. मी पाऊल पुढं टाकलं. क्षणभर नुसतं पाणीच लागलं.

मग पाय टेकला.